बंगल्याचा वरचा मजला

अश्वजित,

हे पत्र तू वाचणार नाहीस हे मला कळतं. माझं डोकं अजून शाबूत आहे. पण "तो असा होता, तो तसा होता" असं लिहायला बसले की शोकसभेत खुर्ची अडवून बसल्यासारखं वाटतं, म्हणून सरळ तुझ्याशीच बोलते. वाचणारे दुसरे असतील. त्यांच्यासाठी तुला पाठ असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागतील, त्या ऐकून घे.

मी पुण्याला गणितात बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन महाडच्या बाजारपेठेत, स्टेशनरी आणि खेळण्यांच्या दुकानात येऊन पडले. त्या काळी 'रचना' नावाचे प्लास्टिकच्या विटांचे संच यायचे. विटेवर वीट दाबायची, कागदावर दाखवलंय तसं रचत जायचं, की स्टेशन व्हायचं, दीपगृह व्हायचं, दवाखाना व्हायचा. सगळ्यात मोठा संच दुमजली बंगल्याचा. मुंबईतला तो कारखाना पुढे बंद पडला आणि लोक ते नावसुद्धा विसरले.

तुला चौथीची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तुझी आई, चंद्रभागा, तुला घेऊन दुकानात आली. नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होती. बंगल्याच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यातनं असाच बंगला होतो काय ते दाखवा. मग घेते."

"डब्यावर चित्र आहे की."

"साबणावर पण नटीचं चित्र असतं, बाई. लावून कोण नटी झालंय?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि मी काउंटरवर विटा ओतून बंगला बांधत बसले. तू नाक काउंटरला टेकवून बघत होतास. छप्पर बसल्यावर चंद्रभागेने बंगला उचलला, खालून बघितला, खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाली, "आता मोडा. पोराला बांधू दे." एवढं चोख गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

तू ड्राफ्ट्समन झालास. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाइपांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचास. लग्न झालं, मोडलं. माधुरी तिच्या माहेरी निघून गेली. का, ते मी विचारलं होतं आणि तू "जाऊ दे काकू" म्हणालास. मग तुला जुने 'रचना' संच गोळा करायचं वेड लागलं. भंगारवाल्यांकडून, लोकांच्या अडगळीतून, कुणाच्या चुलीमागून. आईसाठी म्हणून नव्हे, उगीच भाव चढवून लिहीत नाही. तुला ते आवडायचे, एवढंच. तिचा बंगला मात्र सगळ्यांच्या वर ठेवलेला असायचा.

आता रेघेबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरच्याला ते कळणार नाही. महाडात पुराचं पाणी येतं. दोन हजार पाच साली आलं ते आमच्या आठवणीतलं सगळ्यात मोठं. चिखल धुऊन काढल्यावर भिंतीवर जो डाग राहिला, त्यावर लोकांनी रंगाने रेघ मारून घेतली. त्यानंतर महाडातलं प्रत्येक फळीकाम त्या रेघेवरून ठरलं. दुकानाची मांडणी, मीटरची पेटी, देव्हारा, सगळं 'पाच सालच्या वर'. सुतारालाही वेगळं माप सांगावं लागत नसे. नदीकडच्या आळीतल्या तुझ्या घरात तू सिमेंटचा पोटमाळा काढलास, तो रेघेच्या वर चांगला दोन हात. मला दाखवायला नेलं होतंस. मी म्हटलं, छान केलंस. आणि केलंच होतंस. त्या वेळी कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

एकवीस साली पुराचा भोंगा झाला तेव्हा चंद्रभागा खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होती. तू तिला उचलून माळ्यावर गादी घालून निजवलंस. शेजारी संचांचे डबे, कॉम्प्युटर, पाण्याची बाटली, बिस्किटं. मग दोर आणि दोन माणसं आणायला बाहेर पडलास, कारण वाटलंच तर तिला पुढच्या आळीतल्या गच्चीवर न्यायचं होतं. घाई नव्हती. रेघ खाली होती. पण चौकात पोचेपर्यंत पाणी छातीला लागलं आणि तुला कुणीतरी ओढून दुसऱ्याच गच्चीवर घेतलं. त्या वर्षी पाण्याने पाच सालची रेघ बुडवली. तुझ्या घरात ते छताला टेकलं होतं. माळ्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

चिखल उपसताना बाजारभर तुझ्या विटा सापडू लागल्या. हलकं प्लास्टिक, तरंगत गेलेलं. शटरच्या पन्हाळीत लाल वीट, गटारात पिवळी, औषधाच्या दुकानातल्या फ्रीजखाली दीपगृहाचा दिवा. लोक मुठीमुठीने आणून माझ्याकडे द्यायचे, कारण तू कुणाला भेटत नव्हतास. विहारात आईचं पुण्यानुमोदन उरकलंस आणि त्याच आठवड्यात पोलादपूरला खोली घेतलीस, एसटी स्टँडमागे, वरच्या मजल्यावर.

ते का, हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडे मयतानंतरची पहिली भेट कोरडी होत नाही. बाई भेटली की गळ्यात पडते, मेलेल्याचं नाव घेऊन मोठ्याने रडते, शेवटचं काय बोलली, काय खाल्लं ते विचारते. आपल्यालाही रडावं लागतं, सांगावं लागतं. तीन-चार जणींनी तुला असं गाठलं आणि तू गाव सोडलंस. मी रडले नाही. विटांची पिशवी घेऊन पोलादपूरची एसटी पकडली.

तिथे पहिल्यांदा मी तुझं काम पाहिलं. मिळालेली प्रत्येक वीट तू व्हर्निअरने मोजायचास, उंची, जाडी, वरच्या गुंड्यांचा घेर, आणि तशीच वीट कॉम्प्युटरमध्ये तयार करायचास. मग कागदावरच्या क्रमाने पडद्यावर संच बांधायचास. स्टेशन पडद्यावर गोल फिरायचं, छप्पर उचललं की आतल्या तिकीटखिडकीचे गज दिसायचे. जगात असले जुने संच जपून ठेवणारी माणसं आहेत, त्यांच्या वेबसाइटवर तू ते टाकायचास. कुठलासा जर्मन गृहस्थ 'रचना'बद्दल तुला सारखा लिहायचा. महाडच्या गटारातला दिवा जर्मनीत पोचला याचं मला हसू आलं होतं. तुला आलं नाही.

बाकीचे संच झाले. त्यांचे कागद कुणाकुणाकडे मिळाले, फोटो मिळाले. राहिला बंगला. त्याचा कागद पाण्यात गेला आणि तो संच मुळात फार खपलाच नव्हता. खालचा मजला तुला पाठ होता. वरचा आठवेना.

"काकू, तुम्ही बांधला होतात. वरची खिडकी जिन्याच्या डाव्या अंगाला की उजव्या?"

"अरे, दहावीतल्या मैत्रिणीचं नाव मला आठवत नाही आणि तू खिडकी विचारतोस?"

"तुम्ही छप्पर लावल्यावर आईने खिडकीतून आत बघितलं होतं. कुठून बघितलं?"

"अश्वजित, अंदाजाने लाव कुठेतरी आणि मोकळा हो. त्या जर्मन माणसाला काय कळणार आहे?"

तू माउस सोडलास. पडद्यावर बिनछपराचा बंगला फिरत राहिला. म्हणालास, "अंदाजाने एकदा केलंय, काकू."

  तेवढ्यात तुझा घरमालक अनिल, खाली वेल्डिंगचं दुकान असलेला, चहा घेऊन आला. "बघा काकू, दिवसभर घरं बांधतो हा माणूस. माझ्या मोरीची एक फरशी निघालीय, ती बसव म्हटलं तर म्हणतो माप घेऊन सांगतो. चार महिने माप घेतोय." तू हसलास. अनिलशी तू हसायचास, कारण तो चंद्रभागेला ओळखत नव्हता.

बंगल्याच्या कागदाचा माग मीच काढला. दुकान पुन्हा उघडलं होतं, अर्ध्या मालाने. दासगावच्या सुंदराबाई नातवाला कंपास घ्यायला आल्या. त्यांच्या मुलाला, राजूला, मी बंगला विकला होता, ते त्यांचा चेहरा बघून एकदम आठवलं. विचारलं.

"हाय ना गो बाय. माळ्यावर हाय. आमचं घर टेपावर, पाणी आलं नाय. आत कागद पन हाय, उंदरानं कोपरा खाल्लाय तेवढा."

"मला तो कागद दोन दिवस द्याल का? चंद्रभागेच्या मुलाला हवाय."

त्यांचा हात पिशवीतच थांबला. "चंद्रभागाचा पोर? कुठं असतो तो? मी दोनदा जाऊन आले त्याच्या दारावरनं, कुलूप. ती आणि मी येका शाळेत होतो शिपाई, म्हायत हाय ना तुला? तिच्या मयताला पन मला पोचता आलं नाय, रस्ता बंद."

"मग मी येऊन नेते."

"तुझ्या हातात देनार नाय. राग नको धरू. त्याला घेऊन ये. त्याला भेटायचाय मला. डब्बाच देते अख्खा, कागदाचं काय घेऊन बसलीस."

मी तुला फोन केला. मला वाटलं तू आनंदाने उडी मारशील. तू विचारलंस, "कागदाचा फोटो नाही का पाठवणार त्या?"

"त्यांच्याकडे बटनांचा फोन आहे. आणि त्यांना फोटो द्यायचा नाहीये, तुला भेटायचंय."

"पाऊस जाऊ दे."

पाऊस गेला. मग कारखान्यात शटडाउन होतं. मग वीस मार्च होऊ दे म्हणालास, चवदार तळ्यावर येणारे पाहुणे उतरतील. मी म्हटलं, तुझ्या पोलादपूरच्या खोलीत कोण पाहुणे उतरतात? तुला राग आला. मलाही आला. मी तुला स्पष्ट सांगितलं की दासगाव काही परदेशात नाही. एक म्हातारी घटकाभर गळ्यात पडून रडेल, त्याने माणूस मरत नाही.

"रडल्या तर रडू देत, काकू," तू म्हणालास. "पण त्या विचारणार, वर एकटीच होती काय रे? त्याला मी काय सांगू?"

 मी फक्त म्हणाले, "मी असेन शेजारी. मी विषय बदलेन. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही." त्यावर तू थोडासा हसलास आणि म्हणालास, "चला मग. येत्या रविवारी." मी रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. सुंदराबाईंना निरोप गेला. त्यांनी डबा माळ्यावरून काढून, पुसून, पडवीत आणून ठेवला म्हणे.

शुक्रवारी अनिलचा फोन आला. तू कामाला खाली उतरला नाहीस म्हणून तो वर गेला, तर तू खुर्चीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पन्नाशीही गाठली नव्हतीस. लोक म्हणाले, सुटला. मी त्यातल्या एकाला विचारलं, कशातून? 

तुझी खोली रिकामी करताना अनिलने मला बोलावलं. कॉम्प्युटर चालूच होता, त्याने बंद करायचं धाडस केलं नव्हतं. पडद्यावर बंगला. खालचा मजला पुरा, दार, पायऱ्या, जिना. वरच्या मजल्याला भिंत नाही, छप्पर नाही. फक्त एक पांढरी खिडकी डाव्या बाजूला, हवेत. तू मला एकदा सांगितलं होतंस की कॉम्प्युटरमधल्या विटा पडत नाहीत. कुठेही सोडा, राहतात. तशी ती राहिली होती.

"ही बरोबर जागा आहे काय, काकू?" अनिलने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. ते त्या कागदालाच माहीत.

जर्मन गृहस्थाचं पत्र येऊन पडलं होतं. मी त्याला कळवलं की बंगला अपुरा आहे, तसाच ठेवावा, अंदाजाने कुणी काही भरू नये. त्याने खूप लांबलचक उत्तर पाठवलं, चांगला माणूस वाटला.

सुंदराबाई मध्यंतरी पुन्हा दुकानात आल्या. माझ्या गळ्यात पडून रडल्या, तुझ्यासाठी आणि चंद्रभागेसाठी, दोघांसाठी मिळून. गिऱ्हाइकं बघत उभी होती. मला विषय बदलता आला नाही. जाताना डोळे पुसून म्हणाल्या, "तू येकटीच ये आता. डब्बा पडवीतच हाय."

रिक्षा दारात येते. दासगाव जवळ आहे, माझे गुडघेही तेवढं सोसतील. दर रविवारी रिक्षावाला विचारतो, काकू, जायचं का? मी त्याला सांगते, आज नको. काम दोघांचं ठरलं होतं.