बाबा व्हेनिसमध्येच राहिले

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आणि विश्वास न ठेवणं मला बाबांनीच शिकवलं होतं. ते बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याच्या मँगनीज खाणीत फिटर होते. आम्ही बौद्ध. घरात ना नवस, ना उतारा. कॉलनीतल्या एका काकूंच्या अंगात आलं म्हणून लोकांनी भगताला बोलावलं, तेव्हा बाबांनी त्यांना सरळ बसमध्ये बसवून बैहरच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. "आत्मा-बित्मा काही नसते. माणूस मेला का संपला," हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

त्यामुळे हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्यांचीच वाटते आहे. माझं मराठी बालाघाटचं आहे, मध्ये हिंदी येतं, सांभाळून घ्या.

रिटायर झाल्यावर बाबांनी बालाघाटला दोन खोल्यांचं घर बांधलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला – हौ. भूक लागली का? हौ. नाही लागली? तरी हौ.

मी लालबर्रा रोडवरच्या एका राईस मिलमध्ये क्वालिटी बघते. आमच्या मिलने इटलीहून कलर सॉर्टर मागवला होता – तांदळातले काळे-पिवळे दाणे कॅमेऱ्याने ओळखून बाहेर फेकणारं मशीन. ते जहाजावर चढण्याआधी तिथे जाऊन तपासायचं आणि ट्रेनिंग घ्यायचं, यासाठी मालकांचे भाऊ, म्हणजे आमचे छोटे सेठ, आणि मी अशा दोघांना जायचं होतं. पाच दिवसांचं काम. छोटे सेठच म्हणाले, "मॅडम, इतनी दूर जा रहे हो, वेनिस देखे बिना मत आना." ते शुक्रवारी परतणार होते. मी ऑफिसला विचारून तिकीट सोमवारचं करून घेतलं. व्हिसाही बरोब्बर सोमवारपर्यंतचाच मिळाला.

जायच्या आदल्या दिवशी बाबांच्या खाटेवर बसून विचारलं, "बाबा, काम झाल्यावर तीन दिवस फिरायले राहू का?"

"हौ."

माय भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "ते तं सगळ्यालेच हौ म्हणते."

मला ते माहीत होतं. पण मला जायचं होतं, म्हणून मी त्या शब्दाला परवानगी समजले. खरं तेच लिहिते आहे.

कामाचे पाच दिवस नीट गेले. फॅक्टरीच्या आजूबाजूला भातशेती होती, आपल्या वारासिवनीकडे असते तशी. शुक्रवारी सेठ विमानतळाकडे गेले आणि मी ट्रेनने व्हेनिसजवळच्या हॉटेलवर.

शनिवारी सकाळी मी व्हेनिसमध्ये उतरले. स्टेशनच्या पायऱ्या संपतात तिथे सरळ पाणीच. तासभर नुसती चालत राहिले – पूल, गल्ली, पूल, गल्ली. एका गल्लीत शिरले तर ती शेवटी पाण्यातच संपली. परत फिरले. गल्ली इतकी अरुंद होती की समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल. येताना मी तशी चिकटून उभी राहिले, "सॉरी" म्हणाले आणि पुढे निघाले. चार पावलांवर लक्षात आलं... समोरून कोणी आलंच नव्हतं. मी वाट कोणाला दिली? स्वतःशीच हसले. झोप नीट झाली नव्हती, दुसरं काय.

पाचेक मिनिटांत फोन वाजला. माय. तिथले अकरा, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच.

"अवो बाई, तुहे बाबा बोलून राह्यले!"

"काय बोलून राह्यले?"

"सगळंच बोलून राह्यले! साफ! आता जेवू घालून राह्यली होती, तं एकदम बोलले – पाणी पाहाय किती!"

मी पुलावरच रडायला लागले. दोन वर्षांनी! माय पण रडत होती. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, त्यांच्याजवळ ने. आधी खाटेची करकर ऐकू आली. मग बाबांचा आवाज, जुना, खाणीतून आल्यावर असायचा तसा ठणठणीत.

"सडक नाही बाप्पा इथं. सडकेच्या जागी पाणी. डोंगेच डोंगे. वाशिंग मशीन बी डोंग्यात नेऊन राह्यले."

पुलाखालून त्याच क्षणी एक मालवाहू बोट चालली होती. तिच्यावर पुठ्ठ्यात बांधलेली दोन वॉशिंग मशीन.

मायकडे बटणांचा फोन आहे, त्यावर फोटो जात नाहीत. घरातला टीव्ही महिनाभर बंद पडलेला. हे सगळं मी नंतर शंभर वेळा तपासून पाहिलंय. तेव्हा मी फक्त म्हणाले, "बाबा... मी बोलून राह्यली. ऐकू येते का?"

ते माझ्याशी नाही, मायशी बोलले. "पोरगी आली होती वो. गल्लीत. समोर पाणी दिसलं तं परतली. माह्या अंगाजवळून गेली. भिताडाले टेकली, मले वाट देली. म्हणते कशी – सॉरी." मग म्हणाले, "बापाले कोणी सॉरी म्हणते का? वळखलंच नाही तिनं मले."

मी धावत त्या गल्लीत परत गेले. भिंतीला हात लावत पार पाण्यापर्यंत गेले. शेवाळलेली पायरी, बांधलेली एक निळी होडी. बाकी कोणी नाही.

त्या दिवशी पुढे मी काय पाहिलं ते आठवत नाही. फोन चालू ठेवून चालत होते. माय सांगत होती, "म्हणून राह्यले का पाय चांगला झाला. चालता येते म्हणते." ती खूश होती. तिला वाटत होतं, मेंदू ठीक होत असेल, म्हणून बडबडत असतील. खाटेवरचा पाय मात्र तसाच लाकडासारखा पडला होता. मी विचारलं म्हणून तिने हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी मी ठरवूनच गेले. हसू नका – मी माझ्या बापाला शोधायला गेले होते, जो बालाघाटला खाटेवर पडलेला होता. मायने फोन त्यांच्या उशीशी ठेवला.

"बाबा, कुठं आहात तुमी?"

या वेळी त्यांनी मला उत्तर दिलं. "पूल आहे. पिवळं घर आहे. दार हिरवं, खालून सडलं. पाणी दाराले लागून राह्यलं."

अशी घरं तिथे शेकडो आहेत. मी प्रत्येक पुलावर चढायचे, पिवळं घर दिसलं की तिकडे पळायचे. लोक बाजूला होत होते. एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवून काहीतरी विचारलं, बहुतेक मी हरवले का म्हणून. मी नुसती मान हलवून पुढे पळाले.

दुपारी एका पुलावर उभी राहिले, तर बाबा एकदम म्हणाले, "हे दिसली! लाल ओढणी."

माझ्या गळ्यात लालच ओढणी होती. "बाबा, मी थांबली आहे! या न इकडं!"

"पाठमोरी आहे तू. तोंड फिरव."

मी वळले. टूरिस्ट, छत्र्या, फोटो काढणारे लोक.

"आता दिसली का?"

"पाठमोरीच आहे."

मी दुसऱ्या बाजूला वळले, मग तिसऱ्या. भर पुलावर वेड्यासारखी गोल फिरत होते आणि फोनमधून बाप मला सांगत होता, "नाही वो बेटा... अजून बी पाठच दिसून राह्यली. काहून असं करतं? तोंड दाखव न."

मी खाली बसले.

सोमवारी दुपारचं विमान. एक दिवसही जास्त राहिले असते तर व्हिसा संपला असता. तरी मी एअरलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं आणि मी फोन ठेवून दिला. शेवटी विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये मी दोन जागा धरल्या. खिडकीजवळ मी बसले, बाजूची जागा मोकळी. फोनवर म्हटलं, "बाबा, मोठ्या पुलाजवळ निळी बस आहे. माह्या बाजूची जागा ठेवली आहे. चढा लवकर."

"गर्दी लय आहे वो," ते म्हणाले. "दार लागून राह्यलं. अगे, थांबव त्याले..."

बस सुटली. मी ओरडून ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं. त्याने आरशात पाहिलं आणि पुढच्या स्टॉपकडे हात केला. मोकळ्या जागेवर एक बाई येऊन बसली.

फोनमधून मायचा आवाज आला, आता घाबरलेला. "हे म्हणून राह्यले का पोरगी गेली, मी इथंच राह्यलो. काय करून बसली तू तिकडं?"

घरी पोहोचले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला. डाव्या हाताने.

"सिस्टर, पाणी द्या."

"बाबा, मी आली."

ते समजूतदार माणसासारखे हसले. "माही पोरगी बसनं गेली. येईन ते. तिले माहीत आहे मी कुठं आहो."

"मीच आहे बाबा. पाहा न इकडं."

त्यांनी खरंच नीट पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग मान हलवली. "तिचं तोंड नाही आठवत आता. पाठच आठवते."

त्यानंतर जवळपास पाच महिने बाबा आमच्या घरात होते आणि नव्हते. जेवू घातलं की जेवायचे. बोलायचे ते तिकडचं. डिसेंबरात म्हणाले, धुकं आहे, पलीकडचं घर दिसत नाही. मी फोनवर तिथलं हवामान पाहिलं – धुकंच होतं. फेब्रुवारीत म्हणाले, लोक तोंडाला मुखवटे लावून फिरून राह्यले, काहून का. तेव्हा तिथे मुखवट्यांचा सण असतो, हे मलाही त्यानंतरच कळलं. आमच्याकडे पंखा लावायची वेळ आली तरी ते कुडकुडायचे. माय दोन-दोन गोधड्या घालायची. ती मला दोष देत नव्हती. दिला असता तर बरं झालं असतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. मेंदूला इजा झाली की असे भास होतात, म्हणाले. मी वॉशिंग मशीन, लाल ओढणी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि झोपेची गोळी लिहून दिली – मला. विहारातल्या भंतेजींनाही विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही, ताई." त्यांचं ते खरं बोलणं मला बरं वाटलं.

पुन्हा जायचंही ठरवलं होतं. व्हिसाचा फॉर्म उघडला. प्रवासाचं कारण – या रकान्याशी येऊन थांबले. 'वडिलांना आणायला' असं कसं लिहू? शेवटी फिरायला जाते म्हणून लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. कारण कळवलं होतं, पण मला त्यातून काही बोध झाला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी बाबांचा श्वास बिघडला. डॉक्टर घरी येऊन गेले, आता हलवू नका म्हणाले. माय पाय चोळत बसली होती. बाबांनी डोळे उघडून विचारलं, "सिस्टर, घरी जायले कोणता डोंगा भेटन?"

मी त्यांना पोरगी म्हणून सांगणं सोडून दिलं होतं. मोबाईलवर तिथल्या बोटींचा नकाशा काढला आणि सांगायला लागले. "एक नंबरच्या बोटीत बसा. स्टेशनवर उतरा."

"बसलो," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उतरलो. मंग?"

"मंग ट्रेन. मंग विमान. तिकीट कोणी विचारलं तं सांगा, पोरगी मागून येऊन राह्यली."

"मंग?"

"मंग दिल्ली. दिल्लीहून नागपूर. नागपूरले गाडी लागली असन, खिडकीजवळ बसा."

ते डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते, माझ्यामागून नावं म्हणत होते – भंडारा, तुमसर, तिरोडा. मी हळू जात होते. घाई केली तर पुन्हा मागे राहतील, अशी मला भीती वाटत होती. मायचे हात थांबले होते.

"गोंदिया आलं का?" बाबांनी विचारलं.

"आलं बाबा. इथं गाडी बदला. आता बालाघाटच."

त्यांनी "हौ" म्हटलं.

पुढे मी बोलतच होते. कोणती गाडी, कोणता प्लॅटफॉर्म, नदीचा पूल... मायने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं की ते ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

हे कसं घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. मला असा भास झाला असेल, असं म्हणायलाही मी तयार आहे. पण माय रोज संध्याकाळच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर जाऊन बसते. बाबांनी तिला हसून वेड्यात काढलं असतं. मी तिला अडवत नाही... गोंदियाहून बालाघाट तासाभराचा रस्ता. ते "हौ" म्हणाले होते, पण ते तर सगळ्यालाच म्हणायचे. गाडीत चढले की नाही, ते मला कळलेलं नाही.