आधी वाईट सांगतो

“आधी वाईट सांगतो,” असे म्हणत ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवीत. शहापूरहून पायी पाड्यापाड्यांवर देवी टोचायला येणाऱ्या या गृहस्थांना सगळे ‘देवीडागतर’ म्हणत. ते दिसण्याआधी त्यांच्या पिशवीतल्या स्पिरिटचा थंड, झोंबरा वास येई. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मी मात्र त्यांच्याकडून एका शब्दाचा अर्थ शिकले.

पन्नासाचे दशक सरत आले होते. डोंगराकडेच्या शाळेत मी नवी शिक्षिका. कॉलेजात कविता शिकताना ‘प्रत्ययकारी’ हा शब्द भेटला होता: ऐकणाऱ्याला आतून पटावे असे. ते सुंदर बोलण्याने साधते, अशी माझी भाबडी समजूत.

शेजारच्या पाड्यावर देवी आल्या, तेव्हा मी देवीडागतरांबरोबर आमच्या पाड्यावर गेले. माझ्या वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीला तिच्या आजीने कणगीमागे लपवले होते.

“मुंगी चावल्यासारखे वाटेल, आजी. काही त्रास होणार नाही,” मी म्हणाले.

आजी हसली. “भाचीच्या पोराला टोचल्यावर चार दिस ताप व्हता. गोड बोलता गो बाई तुमी. गोड बोलनाऱ्याला मी कोंबडी पन इकत नाय.”

देवीडागतर सारवलेल्या ओटीवर बसले. टोपी गुडघ्यावर आली. “आजी, आधी वाईट सांगतो. ताप येईल. दंड सुजेल, फोड पिकेल. पोर तुम्हाला झोपू देणार नाही, मला शिव्या घालेल.”

“आनि मग?”

“खपली पडेल. डाग जन्मभर राहील. पण देवी तिला शिवणार नाहीत.”

“ताप आला त तू कुठं आसशील?”

“इथंच. या ओटीवर.”

आजी त्यांच्यासमोर येऊन बसली. मग आपला सुरकुतलेला दंड पुढे करीत म्हणाली, “आधी मला टोच.” मागोमाग कणगीआडून नात आली.

मुलीला ताप चढला, त्या दिवशी भर उन्हात ते खरोखर आले. ओटीवर बसून त्यांनी तिच्या शिव्या ऐकल्या, आजीच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली आणि ताप उतरल्यावरच उठले.

पुढे त्यांची मुरबाडकडे, टोकावड्याला बदली झाली. काही वर्षांनी ते वारल्याचे कळले.

त्यानंतरच्या एका वैशाखात शहापूरच्या बाजारात करवंदांचा वास आला. पाटीमागे एक तरणी पोर बसलेली. दंडावर नाण्याएवढा डाग. तिने मला ओळखले नाही.

“बाई, आधी वाईट सांगते,” ती म्हणाली, “तळची जरा आंबट हायेत.”

मी अख्खी पाटी घेतली. तळची खरेच आंबट निघाली.