हातोडे थांबवून मुलगी दाखवली

भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी आठपासून पितळ ठोकलं जायचं. घागरी, पाण्याचे गुंड, पराती. एकेका घरात तीन-तीन हातोडे. नवा माणूस आला की कानांवर हात ठेवायचा आणि आम्ही त्याला विचारायचो, काय झालं? टोमणा नव्हता तो. आम्हाला खरंच काही ऐकू येत नसे. तोच तो आवाज रोज आदळत राहिला की कान तो घेतात, पण मेंदू दखल घेणं सोडून देतो, हे पुढे मी एका मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. तेव्हा मात्र वाटायचं, बाहेरगावच्या लोकांचे कानच नाजूक.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि माझं लग्न काही ठरत नव्हतं. दोन स्थळं येऊन गेली. दोन्हींकडून एकच निरोप: मुलगी बरी आहे, पण तिथे बसून डोकं उठलं. तिसरं स्थळ कोंढ्याचं, मुलगा शाळामास्तर. हेही हातचं गेलं तर लोक म्हणणार, हिच्यातच काहीतरी खोट आहे. बाबा स्वतः कारागीर. त्यांनी घरोघर जाऊन हात जोडले आणि पाहुणे असेपर्यंत गल्लीभरचे हातोडे बंद ठेवायचं ठरवून आले. आपल्या अकलेवर ते दोन दिवस खूश होते.

पाहुणे आले. गल्ली चिडीचूप. चुकलं ते एवढंच, की हातोडे थांबले तरी आमचे गळे थांबले नाहीत. गोंगाटात जन्म काढलेला माणूस नकळत आवाज चढवतो आणि त्यालाच साधं बोलणं समजतो. वीतभर अंतरावरून बाबांनी मुलाच्या वडिलांना "पोहे घ्या ना जी" म्हटलं, तेव्हा त्या गृहस्थांच्या हातून बशीच निसटली. मुलाची आई हळूच दाराकडे सरकली. घरात भांडण पेटलंय, असा तिचा समज झाला.

मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. त्याचे ओठ हलायचे, शब्द आमच्यापर्यंत पोचत नसत, आणि बाबा दरवेळी अंदाजाने "हो, हो" म्हणायचे. सांडलेले पोहे मात्र त्याने खाली बसून स्वतः वेचले. तेवढ्यावर तो मला फार आवडला. मी आत आले ती लग्न झाल्यासारखीच.

स्वयंपाकघरात काकू माझ्या कानाशी लागली. "पोरगा बोलत काहून नाही? मुका त नाही ना?"

मीही तिच्या कानात कुजबुजले, "मुका असला तरी चालते मले. करीन त याच्यासंगच करीन."

कुजबुजले हे आपलं माझं मत. बाहेरच्या खोलीत एकदम सामसूम झाली. मग समोरच्या ओसरीवर रिकामे बसलेले कारागीर हसायला लागले, तेव्हा माझी कुजबूज कुठवर गेली ते कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दाराच्या फटीतून पाहिलं तर बाबांची मान खाली. तिसरं स्थळही गेलं होतं, आणि या वेळी माझ्याच तोंडाने.

मुलाने वर पाहून काहीतरी म्हटलं. बाबांनी कानामागे हात धरला. तो पुन्हा बोलला. ऐकू नाही आलं, असं बाबांनी सांगितलं. तेव्हा तो उठून उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला आणि छातीत हवा भरून ओरडला, "मले मुलगी पसंत हाय."

त्याची आई त्याच्याकडे बघतच राहिली. मी दाराआड हसत होते की रडत होते, आज सांगता यायचं नाही. निघताना ती आत आली आणि तिने माझा हात धरला.

"पंचवीस वर्षं झाली, याच्या मनात काय हाय ते मले अंदाजानंच समजून घ्यावं लागते," ती म्हणाली. "तू आली म्हणजे ऐकाले तरी येईन."