रुईच्या सहा कुंड्या

सासरचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गॅलरीच्या कठड्यावर गिरणीची काजळी बसते तसे ते बसतात. सकाळी पुसावेत, संध्याकाळी नवे हजर. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण साठा एका अख्ख्या संसाराला पुरेल.

इतर सुना शिलाईचं मशीन आणतात. मी गिरगावातून परळला रुईच्या सहा कुंड्या आणल्या. एम.एस्सी.चा प्रयोग होता. मोर्चे आणि हरताळांनी कॉलेज निम्मे दिवस बंद, म्हणून सर म्हणाले, कुंड्या घरी न्या. पावसाआधी प्रयोग झाला तर डिग्री, नाही तर नाव कमी करीन, असंही म्हणाले.

आता, दोन बायका गेलेल्या माणसाचं तिसरं लग्न आधी रुईशी लावतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारच्या पार्वतीकाकूंनी कुंड्या जिना चढताना पाहिल्या आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "तुझ्या झिलाची आधीची दोन लग्नं कधी झाली गो? आम्हाला बोलावलं नाहीस."



* * *

रुईच्या पानावर पांढुरकं मेण असतं. पानाची छिद्रं मिटली तरी पाणी सालीतून थोडं थोडं उडतच राहतं. ते हे मेण अडवतं. म्हणून तर भर उन्हाळ्यात, माळावर सगळं करपलं तरी रुई हिरवी. मी तीन कुंड्यांची पानं पुसून मेण काढलं, तीन तशीच ठेवली आणि सगळ्यांचंच पाणी बंद केलं. माना आधी कोण टाकतं ते पाहायचं.

हे सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नळावर बातमी पोचली होती: "आमची सून झाडांना तहानलेलं ठेवून बघते, कोण आधी मरतं. आम्ही आपले जपून आहोत."

* * *

मामंजी गिरणीत, सायझिंग खात्यात. सुताला खळ चढवायची. नाही तर मागावर धागा तटातट तुटतो. ते एकटे खूश झाले. "म्हणजे देव पानालाही खळ लावतो!"

मला वाटलं, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचा. तेवढ्यात त्यांनी विचार पुरा केला. "हे तर आमच्या खात्यात कोणीही सांगेल. मग कॉलेज कशाला?"

* * *

हे रोज मोर्च्याला, नाही तर सभेला. घसा बसलेला, डोळे लाल. एकदा पायरीवर उभे राहून चाळीतल्या पोरांना सांगत होते की हक्क मागून मिळत नसतो, घ्यावा लागतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही दारामागे वाजवल्या.

जेवताना विचारलं, कॉलेज सुरू झालं की मी पुन्हा जाऊ ना?

ह्यांनी ताक संपवलं. म्हणाले, "आईला विचार."

* * *

शनिवारी मारुतीला रुईचा हार लागतो. पार्वतीकाकूंनी न विचारता माझीच पानं तोडली, तीही पुसलेल्या कुंड्यांतली. मी रडकुंडीला आले तर मलाच समजावत म्हणाल्या, "पांढरी कशी घेऊ? मळकी पानं देवाला चालत नाहीत."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि मान डोलावली.

तरी पुसलेल्या तिन्ही कुंड्यांवर थोडी पानं उरली होती, आणि माना टाकू लागली होती. मेणाच्या तिन्ही ताठ. मी सरांना निरोप धाडला, या आणि डोळ्यांनी बघा.

* * *

सर रविवारी सकाळी आले. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. हे त्यांना थेट गॅलरीत घेऊन गेले. पदर सावरत मी मागून पोचले, तर सहाही कुंड्यांत पाणी घातलेलं आणि पान न् पान लखलखीत. सासूबाई खोबरेल तेलाचं फडकं घेऊन शेवटच्या कुंडीपाशी उभ्या होत्या. घामाघूम. पहाटेपासून एकेक पान घासत होत्या.

सरांनी एक पान बोटांत धरून उन्हाकडे फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे.

"छान चकाकताहेत," म्हणाले. पोहे खाल्ले, चहा घेतला, चपला घातल्या आणि गेले.

सासूबाईंनी फडकं पिळलं. "बघितलंस? किती आवडली! आणि तू मेली इतके दिवस तशीच मळकी ठेवली होतीस."