आफ्रिकेच्या टँकरला आठ नळ

सहा नवे कोरे टँकर ओळीनं उभे होते, पाहुणे गेटातून आत आले होते, आणि टँकरमध्ये ओतायला पाणी नव्हतं.

चूक माझीच. त्या दिवशी एमआयडीसीचं पाणी बंद राहणार, असा मेसेज मला दोन दिवस आधी आला होता. मी तो नीट वाचला. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'सर्वांनी पाणी भरून ठेवावे' असं लिहून हात जोडल्याचं चित्रही टाकलं. बायकोनं त्याप्रमाणे घरी पिंप, बादल्या, पातेली, एक कुकरसुद्धा भरून ठेवला. कारखान्यात मात्र मी कुणाला काही बोललो नाही. आमच्या टाकीत पाणी होतं ते कॅन्टीन आणि संडासापुरतं.

चितेगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. सव्वीस वर्षं झाली. क्वालिटी बघणं म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढणं. घरी ही सवय नडते, कारखान्यात तिचा पगार मिळतो. आम्ही ट्रकच्या चासीवर टाक्या बसवतो. दुधाच्या, डिझेलच्या, पाण्याच्या. हे सहा पाण्याचे होते, दहा हजार लिटरचे, रंग वाळूसारखा.

ते चालले होते आफ्रिकेला. भारत सरकार आणि तिकडचा एक देश यांच्यात संरक्षण सहकार्याचा करार झालेला. देशाचं नाव लिहीत नाही, तसं कागदावर सही करून दिलंय. करार म्हणजे काय, तर त्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्याकडं ट्रेनिंग, दोन्ही सैन्यांचा मिळून सराव, आणि आपल्याकडून काही साहित्य भेट. टीव्हीवर दोन्हीकडची मोठी माणसं एकमेकांचा हात धरून कॅमेऱ्याकडं बघत बराच वेळ उभी होती. त्या हात धरण्यातून निघून, तीन मंत्रालयं, दोन टेंडरं आणि ड्रॉइंगच्या सात रिव्हिजन पार करून आमच्यापर्यंत जे पोचलं ते म्हणजे हे सहा टँकर.

आणि त्या दिवशी होतं प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शन. माल निघायच्या आधी घेणाऱ्यानं येऊन बघायचं, एखादा टँकर भरून गळत नाही ना ते तपासायचं आणि सही करायची. सही झाली की टँकर बंदरावर, तिथून जहाजात. तिकडं हस्तांतरणाच्या समारंभाची तारीखसुद्धा ठरलेली. जहाज चुकलं तर समारंभात मंत्री टाळ्या वाजवायला येणार आणि टँकर आपल्याच देशात, असा प्रकार.

पाहुणे दोघं. एक दिल्लीचे साहेब, हातात फाइल, घशात खवखव. दुसरे त्या देशाच्या सैन्यातले मेजर. पंचेचाळिशीचे, उंच, कमी बोलणारे. सिक्युरिटीवाल्यानं सलाम ठोकला तर त्याला उलट कडक सलाम करणारे.

आमचे प्लँट हेड गायकवाड साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मुळे, भरा की टँकर. कशाची वाट बघताय?"

"सर, पाणी नाही."

"कशात नाही?"

"कशातच नाही."

त्यांनी डोळे मिटले. माझ्यासोबत काम करताना ते दिवसातून एकदा तरी डोळे मिटतात, पण एरवी लवकर उघडतात.

मी कोपऱ्यात जाऊन युसूफभाईंना फोन लावला. युसूफभाईंचे पाण्याचे दोन टँकर आहेत. उन्हाळ्यात शहरातल्या निम्म्या गल्ल्यांना त्यांचा नंबर पाठ असतो.

"दोन खेपा पाहिजेत. आत्ता. चितेगावला."

"हौ साब. किदर डालना?"

"टँकरमध्ये."

"टँकर में?" त्यांनी खात्री करून घेतली. "तुमारे कंपनी में टँकर हैं, पानी नै?"

"तसंच."

ते जे हसायला लागले, ते ड्रायव्हरला हाक मारतानाही हसतच होते.

तोवर आम्ही पाहुण्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. मी स्लाइड दाखवल्या. चहा झाला, पुन्हा स्लाइड, पुन्हा चहा. दिल्लीचे साहेब स्लाइड बघून खूश होते. त्यांना स्लाइडमधले टँकर खऱ्या टँकरपेक्षा जास्त आवडले असावेत, कारण तिथं एसी होता. मेजर मात्र खिडकीकडं बघत होते.

तासाभरानं युसूफभाई स्वतःच टँकर घेऊन आले. त्या टँकरचं वर्णन काय करावं? मूळ रंग कोणता हे आता युसूफभाईही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाहीत. एक दिवा फुटलेला. टाकीला इतके पोचे की टाकी नेमकी गोल का चौकोनी, असा प्रश्न पडावा. मी मनात म्हटलं, पाहुण्यांच्या नजरेला पडायच्या आत हा रिकामा होऊन जाऊ दे.

मेजर बाहेर आले ते थेट त्या टँकरकडं गेले.

आमचे सहा चकचकीत टँकर शेजारी उभे. त्यांच्याकडं वळूनही न बघता हा माणूस त्या खटाऱ्याभोवती चक्कर मारायला लागला. एका बाजूला खाली लांब पाइप वेल्ड केलेला होता आणि त्याला सहा नळ होते. मेजर वाकले. एक नळ उघडला, पाण्यात हात धरला, बंद केला.

"हे कशासाठी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी युसूफभाईंना विचारलं.

"साब, ये नल नै रहे तो झगडा होता," युसूफभाई म्हणाले. "पैले एकीच पाइप था. गाडी रुकी नै की सब बाया आके पाइप पे. एक खिंचती, दुसरी खिंचती. कोई ऊपर चढके ढक्कन में अपनी नली डालता. एक बार एक बुढिया गिरी, हात टूटा. मैं बोला नक्को ये धंदा. फिर नल लगाया. अब लैन लगती. गाली भी लैन से देतीं."

मी भाषांतर केलं. शिव्यांचं वाक्य गाळणार होतो, पण मेजर माझ्याकडं बघत थांबले, म्हणून तेही सांगितलं. ते पहिल्यांदा हसले.

मग ते आमच्या टँकरकडं आले. मागं तीन इंची एकच व्हॉल्व्ह, त्याला एक जाड नळी.

"लोक यातून पाणी कसं घेतात?"

"नळी आहे ना," मी म्हणालो.

"एक नळी. पहिल्यांदा कुणी घ्यायचं, हे कोण ठरवणार?"

हा प्रश्न मला नवीन नव्हता. ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं तेव्हा माझ्याही मनात आलं होतं की बाबा, एवढ्या मोठ्या टाकीला एकच तोंड? ते अर्धा मिनिट मनात राहिलं. पण शंका काढायची म्हणजे मेल लिहायचा. मेल लिहिला की दिल्लीहून मीटिंग. मीटिंग झाली की आठवी रिव्हिजन. माझं बीपी तेव्हा आधीच ठीक नव्हतं. मी 'ओके' लिहून सही केली आणि घरी जाऊन झोपलो.

दिल्लीचे साहेब पुढं झाले. "मेजर साहेब, हा टँकर सैन्यासाठी आहे. छावणीत एक नळी पुरते."

मेजर शांतपणे बोलले. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची छावणी सीमेजवळ आहे. आसपास चार गावं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गावं छावणीच्या टँकरवर येतात. सैन्य पाणी देतं. त्या बदल्यात कुणी काही मागत नाही, पण गावातलं कुणीतरी हळूच सांगतं, की कालच्याला अमुक रस्त्यानं अनोळखी माणसं गेली, तिकडून जाऊ नका. मागच्या वर्षी एका गावाची टँकरवर रेटारेटी झाली. घाबरून एका जवानानं काठी उगारली. बस, एवढंच. त्यानंतर त्या गावानं पाणीही घेतलं नाही आणि तोंडही उघडलं नाही.

"पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर सुरुंग फुटला," ते म्हणाले. "माझी दोन माणसं गेली. मित्रदेशांनी दिलेल्या गाड्या आमच्याकडं भरपूर आहेत. परेडमध्ये चांगल्या दिसतात. मला या गाड्या रांग लागावी म्हणून पाहिजेत. असा टँकर मी सही करून नेणार नाही."

आवाज चढला नाही. टोपी काढून त्यांनी काखेत धरली, एवढंच.

दिल्लीच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मुळे जी, ड्रॉइंग अप्रूव्ड है ना?"

"है सर."

"तो बदल नहीं सकते. बदलना है तो फाइल वापस जाएगी. छह महीने. और समारोह की डेट फिक्स है. आप समझ रहे हैं न?"

मी समझत होतो. गायकवाड साहेबांनी मला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"मुळे, हे ड्रॉइंग तुम्ही चेक केलं होतं ना?"

"हो सर."

"तेव्हा हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं सर."

खोटं बोलायचाही कंटाळा येतो या वयात. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी तिथून निघालो आणि कराराचं जाडजूड बाड घेऊन कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. असं बाड कुणीच पूर्ण वाचत नाही, लिहिणारासुद्धा. मी दुपारी साडेतीनपर्यंत वाचलं. आणि अगदी मागं, ग्रीस आणि पान्यांच्या यादीखाली एक ओळ सापडली: प्रत्येक वाहनासोबत वापरकर्त्याच्या गरजेनुसार सुट्या भागांची एक पेटी.

मी पळतच वर गेलो. पळत म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या मानानं.

"सर, टँकरला हात लावायचा नाही. ड्रॉइंग जसंच्या तसं. मागच्या व्हॉल्व्हला नट-बोल्टनं जोडता येईल असा आडवा पाइप करू, त्याला नळ. तो पेटीत घालून देऊ. सुटा भाग. वापरकर्त्याची गरज."

दिल्लीच्या साहेबांनी चष्मा लावून ती ओळ तीनदा वाचली. "फाइल वापस नहीं जाएगी?"

"नाही सर."

त्यांचा घसा त्या क्षणी बरा झाला. "कितने नल?"

युसूफभाईंचे सहा होते. आपण कारखाना, आपण सहाच लावायचे? "आठ," मी म्हणालो.

रात्रपाळीवाल्यांनी पहिला पाइप बनवला. मापं मी स्वतः दिली. मेजरांना विचारून त्यांच्याकडचा वीस लिटरचा जेरीकॅन केवढा असतो ते काढलं आणि गाडीच्या रुंदीत बरोबर आठ कॅन बसतील असे नळ पाडले. सकाळी पाइप जोडला. आठ नळांखाली आठ कॅन एका ओळीत मांडले, आम्ही सगळे बाजूला झालो, आणि मी व्हॉल्व्ह उघडला. आठही धारा एकदम सुरू झाल्या. एक थेंब बाहेर नाही. मेजरांनी घड्याळ लावलं होतं. त्यांनी मान हलवली, सही केली, आणि मग माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरला. इथं कॅमेरा वगैरे काही नव्हता.

टँकर वेळेत गेले. समारंभ झाला. बातमीतल्या फोटोत टँकरना दोन्ही देशांच्या रंगांच्या फिती बांधल्या होत्या. पेट्या दिसत नव्हत्या. मी म्हटलं, गेल्या कुठल्या तरी गोदामात. सव्वीस वर्षांत सुट्या भागांची पेटी उघडलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

चार महिन्यांनी मेजरांचा मेसेज आला. सोबत फोटो. सपाट माळ, आमचा टँकर, मागं आमचा पाइप, नळांवर बायका, आणि त्यांच्यामागं पार फोटोच्या कडेपर्यंत रांग. खाली दोनच वाक्यं होती. रेटारेटी नाही. गाव बोलायला लागलंय.

मी तो फोटो गायकवाड साहेबांना दाखवला. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिला. रात्रपाळीवाल्यांना दाखवला. युसूफभाईंना पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "मेरा डिझैन आफ्रिका गया!" संध्याकाळी घरी आलो आणि बायकोसमोर फोन धरला. ती मेथी निवडत होती. हात पुसून तिनं फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. सव्वीस वर्षांत माझं काम तिनं इतकं बारकाईनं कधी बघितलं नव्हतं. मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. इन्स्पेक्शन कुणाकडून आणि कधी करून घ्यावं, हे मला त्या दिवशी कळलं, पण तोवर जहाज पोचून चार महिने झाले होते.

"नळ आठ हैत ना?" ती म्हणाली.

"आठ. मी स्वतः मापं दिली."

"मग चौघीच का भरायल्यात?"

मी फोन घेऊन पाहिलं. खरंच. एका नळावर एक बाई, शेजारचा नळ बंद. पुन्हा एक बाई, पुन्हा बंद. चौघींचे खांदे एकमेकींना घासत होते.

"पण कॅन बरोबर बसतात," मी म्हणालो. "शेजारी शेजारी आठ. मांडून बघितलेत."

"कॅन बसतेत हो," ती मेथीची जुडी पुढं ओढत म्हणाली. "कॅनमागं बाई उभी राहती, ती कुणी मोजली?"