चिठ्ठीत आलेली बाजू

महानंदानं चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले, "अनुकूल." शेजारी उभा असलेला सलीम हसला. म्हणजे तो प्रतिकूल. मी दोघांनाही हातानंच सांगितलं की घोटभर पाणी प्या आणि गप्प बसा. स्पर्धा लातूरच्या एका मंगल कार्यालयात होती. तिथं पाणी एका पिंपात होतं आणि पिंपाशी एक माणूस बसवला होता, कारण दुष्काळाचं साल होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी जिल्ह्याच्या स्पर्धेला उस्मानाबाद गाठावं लागे. निलंगा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या गावाहून सकाळी निघून त्याच दिवशी परत येणं जमायचं नाही, आणि मुक्काम म्हटलं की मुलींच्या घरून नकार ठरलेला. जिल्हा जवळ आला तशी मला पहिल्यांदा मुलगी नेता आली. ती महानंदा, नववीतली. तिच्या चुलत्यांनी तरीही कुरकुर केली होती. वडील नागनाथअप्पा म्हणाले, "बाईसंगं चालली की ती. तुमचं काय चाललंय?" आणि विषय संपवला.

मी त्या हायस्कूलात मराठी शिकवत होते. नाटक, वक्तृत्व, वादविवाद सगळं माझ्याकडं. दुसरं कुणी हात लावत नाही ते भाषेच्या बाईच्या गळ्यात पडतं, असा शाळांचा रिवाजच आहे. त्या वर्षी स्नेहसंमेलन रद्द झालं. नाटकाला पडदा लागतो, तोंडाला रंग लागतो आणि रंग धुवायला पाणी लागतं. पोरं दप्तराबरोबर घरून पाण्याची बाटली आणत होती, तिथं रंग कुठून धुणार? भाषणाला काहीच लागत नाही, म्हणून वादविवाद तेवढा उरला.

वादविवाद म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक विषय असतो आणि शाळेची दोघांची जोडी असते. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, ती अनुकूल बाजू. दुसऱ्यानं विरुद्ध, ती प्रतिकूल. दोघांचे गुण एकत्र धरून करंडक देतात. कोण कुठल्या बाजूनं बोलणार हे आमच्याकडं तिथं गेल्यावर चिठ्ठी काढून ठरायचं. म्हणून मी जोडीतल्या दोघांनाही दोन्ही बाजू तयार करायला लावत असे. सोमवारी महानंदा अनुकूल आणि सलीम प्रतिकूल, मंगळवारी उलट. सराव शाळेच्या लिंबाखाली चालायचा आणि आजूबाजूला निम्मी शाळा ऐकत बसायची.

त्या वर्षीचा विषय होता, "दुष्काळ हटवायचा तर गावोगाव तलाव झालेच पाहिजेत." महानंदाच्या अनुकूल भाषणात मधोमध एक वाक्य होतं: "चार शेतं बुडाली तरी चालतील, पण गावाची तहान भागली पाहिजे." वाक्य तिनंच रचलेलं. मी फक्त त्याच्या आधी थांबायला शिकवलं. आमच्या धंद्यात त्याला पॉज म्हणतात. महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर गप्प राहायचं, म्हणजे ऐकणारा पुढं सरकून बसतो. लातूरला ती बरोबर थांबली, सगळं कार्यालय पुढं सरकलं आणि वाक्य आल्यावर टाळ्या पडल्या. सलीमही झकास बोलला. करंडक आम्हाला मिळाला. परतीच्या एसटीत महानंदानं तो मांडीवरून खाली ठेवला नाही. मला फार आनंद झाला होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सलीम गाव सोडून गेला. त्याचे वडील विहिरी खोदायचे. खोदून कुठंच पाणी लागेना, तेव्हा त्यांनी बिऱ्हाड हैदराबादला नातेवाइकांकडं हलवलं. दुसरी म्हणजे आमच्या गावच्या ओढ्यावर खरोखरच तलाव मंजूर झाला. मोजणीची माणसं आली, खुंट्या ठोकून गेली. मी गावात राहत नव्हते, निलंग्याहून एसटीनं जाऊन-येऊन करत होते. खुंट्या कुणाच्या रानात पडल्या ते मला माहीत नव्हतं. गावात मात्र दोन तट पडले. खालच्या अंगाच्या शेतांना पाणी मिळणार होतं आणि मजुरांना काम मिळणार होतं, ते खूश. वरच्या अंगाला चार घरांची जमीन बुडणार होती.

मग सव्वीस जानेवारी आली. वर्षभरात बक्षीस मिळवलेल्या मुलानं झेंडावंदनाला गावासमोर तेच भाषण म्हणायचं, अशी आमच्या शाळेची पद्धत होती. देशमुख सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, मला बोलावलं.

"बिराजदारबाई, महानंदाचं भाषण ठेवा. तलावाच्या कामाचे साहेब पाहुणे म्हणून यायलेत."

"सर, सलीम नाही. एकाच बाजूचं भाषण कसं ठेवायचं? तो वादविवाद होत नाही."

"अहो, गावाला कुठं वादविवाद कळतो? भाषण झालं म्हणजे झालं."

"तेच म्हणतेय मी, सर. दुसरी बाजू ऐकलीच नाही तर लोकांना वाटेल, हे तिचंच मत आहे."

"मत चांगलंच हाय की! तलाव होऊ नये असं कोण म्हणंल?"

मी महानंदाला विचारलं. दुसरं काही म्हणतेस का, एखादी कविता? ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "अप्पा म्हणायलेत, बक्षिसाचंच म्हण. त्यांना ऐकायचंय." नागनाथअप्पांनी लेकीचं भाषण ऐकलेलं नव्हतं. विषय दुष्काळावर आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. भाषणात काय आहे ते तिनं घरी का सांगितलं नाही, हे मी नंतर खूप वेळा मनात विचारलं. मला वाटतं, बापाचा आनंद तिला मोडवला नाही.

झेंड्याच्या दिवशी सगळं गाव मैदानात होतं. नागनाथअप्पा धुतलेला पटका बांधून पुढंच उभे. महानंदा सुरुवातीला नेहमीसारखी बोलली. आवाज स्वच्छ, नजर समोर. मग ती त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. मला वाटलं, पॉज घेतेय. पण तो पॉज संपेना. तिची नजर वडिलांवर होती आणि ओठ मिटलेले होते.

तेवढ्यात खाली ओळीत बसलेल्या पोरांना वाटलं, ताई विसरली. महिनाभर लिंबाखाली बसून त्यांनाही भाषण पाठ झालं होतं. मदत करायची म्हणून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "चार शेतं बुडाली तरी चालतील, पण गावाची तहान भागली पाहिजे!"

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. खालच्या अंगाच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. महानंदानं उरलेलं भाषण भराभरा संपवलं. नागनाथअप्पा गर्दीतून बाजूला झाले आणि पटका हातात घेऊन घराकडं चालू लागले. माझ्या शेजारच्या शिक्षकांनी हळूच सांगितलं, "बाई, सगळ्यात मोठी जमीन त्यांचीच जायली." तेव्हा मला कळलं.

घरी तिला कुणी मारलं नाही, रागावलं नाही. चुलत्यांनी मात्र बोलणं सोडलं. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "हिनंच तर सांगितलं सरकारला, बुडवा म्हणून." ती शाळेत यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची.

काही दिवसांनी नागनाथअप्पा शाळेत आले. वर्गाच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. मी बाहेर गेले.

"बाई, एक इचारू का? खरं सांगा."

"विचारा की, अप्पा."

"ती दुसऱ्या बाजूनं बोलली असती तर असंच बोलली असती?"

"हो. तिला दोन्ही बाजू येतात. लातूरला चिठ्ठी दुसरी निघाली असती, तर तलावाच्या विरुद्ध बोलली असती. चिठ्ठीत आलं ते बोलली ती."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "मंग बाई, तिच्या मनातलं कंचं, ते बापानं कसं वळखावं?"

मी म्हटलं, "तुमची जमीन जातेय याचं तिला दुःख आहे, अप्पा." ते म्हणाले, "असंल. पुढच्या आठवड्यात सुनावणी हाय. साहेबापुढं माजी जीभ वळत न्हाई. तिला आमच्या बाजूनं बोलू द्या." सुनावणी म्हणजे ज्यांची जमीन जाणार, त्यांचं म्हणणं अधिकारी समोर बसून ऐकून घेतो. बांध थोडा वरच्या माळाकडं सरकवावा, एवढंच अप्पांचं म्हणणं होतं.

मी महानंदाला तयारीला बोलावलं. ती म्हणाली, "बाई, ही बाजू बी मला पाठ हाय." झेंड्याच्या दिवसानंतर तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड दिसला. तिला आता स्वतःसाठी बोलायचं होतं. मलाही वाटलं, हिचं बोलणं एकदा तरी हिच्या घराच्या कामी येईल.

सुनावणी आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात झाली. झेंड्याच्या दिवशी आलेलेच साहेब होते. सगळं गाव जमलं होतं. अप्पांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "माजी लेक सांगंल." महानंदा पुढं आली. पाय जुळवले, हात मागं बांधले, मी शिकवलं होतं तसं. आणि तिनं सुरुवात केली, "अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि जमलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो..."

लोक हसले. स्पर्धेत भाषणाची सुरुवात अशीच करतात. दुसरी सुरुवात तिला कधी करावी लागलीच नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "आता हिकडून बोलायली का गं? आज कंची चिठ्ठी निघाली?" पुन्हा हशा पिकला. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माणूस वाईट नव्हता. तो तिला धीर द्यायला मायेनं म्हणाला, "बोल बाळ, घाबरू नकोस. त्या दिवशी तू तलावावर किती सुंदर बोललीस! मी घरी जाऊन सांगितलं सगळ्यांना."

महानंदानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. भर सभेत लातूर गाजवलेली पोरगी दहा पावलांवर उभी होती आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. मला तिला हाक मारावीशी वाटली, पण काय सांगणार होते मी? हनुवटी वर ठेव? श्वास घे? सगळं शिकवून झालं होतं. शेवटी नागनाथअप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. बस खाली, माय."

त्यांनी स्वतः दोन वाक्यं सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी ऐकून घेतलं. बांध होता तिथंच राहिला.

महानंदा शाळेत यायची थांबली. मी घरी गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "म्या बंद केली न्हाई बाई तिची शाळा. लई सांगितलं. तीच येईना." आतून ती पाणी घेऊन आली. अर्धाच पेला होता, आणि त्या दिवसांत अर्धा पेला म्हणजे मान होता. मी म्हटलं, "अगं, भाषण नको करूस. नुसती वर्गात येऊन बस. दहावी तरी हो." तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. ती आली नाही एवढं खरं.

उन्हाळ्यात तलावाचं काम रोजगार हमीवर सुरू झालं. आमची एसटी त्या बांधाजवळून जायची. एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून आम्ही उतरलो. माती वाहणाऱ्या बायांच्या रांगेत महानंदा होती, डोक्यावर पाटी. ती माती तिच्याच बापाच्या रानातली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पाहिलं. पाटी रिकामी करून ती जवळ आली.

"रडू नका बाई. बरं हाय हितं. दिवसभर कुणाशी बोलावं लागत न्हाई."

मुकादमानं हाक मारली तशी ती रांगेत गेली. पुढच्या वर्षी तिचं कर्नाटकात लग्न झालं. मला निरोप होता, पण मी गेले नाही. धीर झाला नाही.

तलाव भरला. त्याचं पाणी गावाला मिळालं, शाळेलाही मिळालं, आणि भाषणातलं ते वाक्य खरं ठरलं. स्नेहसंमेलन परत सुरू झालं. मी निवृत्त होईपर्यंत वादविवादाच्या जोड्या बसवत राहिले, कारण ते माझं काम होतं आणि पोरांना त्याचा फायदाही होतो. मात्र झेंडावंदनाला बक्षिसाचं भाषण ठेवणं मी बंद केलं. नव्या हेडमास्तरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "सर, स्पर्धेत बोललेलं परीक्षक गुण देऊन विसरून जातो. गाव विसरत नाही." त्यांना ते पटलं नसावं. कुणाचं भाषण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.