नेड्राचा नकार

नेड्रा पेटिग्रू कोल्टरच्या खोऱ्यात आली तेव्हा आम्ही सगळे गवताच्या एका जुन्या कोठारात झोपत होतो. आल्या आल्या तिने आमच्या चुलीकडे पाहिलं, दोनदा खोकली आणि म्हणाली, "हे धुरांडं कुणी बांधलंय? त्याला माझ्यासमोर आणा."

बांधलं होतं ऑरिनने. तो हसत पुढे झाला. तिने त्याला सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं की दुसरा कुणी असता तर पुन्हा तिच्या वाटेला गेला नसता. ऑरिन मात्र दुसऱ्या दिवशी तिच्या हाताखाली विटा द्यायला उभा राहिला. पुढच्या वसंतात दोघं एका छपराखाली राहायला लागली.

नेड्रा गवंड्याची मुलगी. बापाच्या हाताखाली दगड घडवायला, भट्ट्या बांधायला शिकलेली. बाप गेल्यावर भावांनी धंदा आपसांत वाटून घेतला आणि हिला सांगितलं, "तू लग्न कर." ती थापी आणि ओळंबा घेऊन घराबाहेर पडली. मिझुरीच्या डोंगरात काही लोक सामायिक जमीन घेऊन राहताहेत, तिथे कुणाच्या नावावर काही नसतं, एवढंच तिने ऐकलं होतं. "जिथे वाटणीच नाही तिथे मला वाटणीतून वगळणार कोण?" असं ती म्हणायची.

आमचे नियम तेव्हाच ठरले होते. जमीन सगळ्यांच्या संस्थेची. घर तुम्ही बांधलंत तरी ते जमिनीचं. विकता येत नाही, सोडून जाताना काही मिळत नाही. बाहेरून विजेची तार आणायची नाही, वीज करणारं इंजिन जमिनीवर ठेवायचं नाही. जो तो आपल्या छपरावरच्या सौरपाट्यांवर भागवील. आणि शेवटचा नियम: सभेत सगळे 'हो' म्हणाले तरच गोष्ट होणार. एकाने जरी नकार दिला तरी थांबली. या शेवटच्या नियमाचा आम्हाला फार अभिमान होता. इथे कुणाचं बहुमत कुणावर चालत नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही छाती फुगवून सांगायचो.

खोऱ्यातल्या प्रत्येक घरातली, घर ऊबदार ठेवणारी भट्टी नेड्राने बांधली आहे. माझ्याही. ऑरिन बाहेरच्या लाकूडगिरणीत कामाला जायचा आणि आमच्या घरांच्या तुळया, फळ्या तिथूनच आणायचा. त्या गिरणीच्या भुशाने त्याला शेवटी धरलं. आधी चढावर दम लागायला लागला, मग बोलताना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं चामड्यासारखी कडक झालीत, आता दिवसरात्र ऑक्सिजनचं यंत्र लागेल. यंत्र विजेवर चालणारं. हिवाळ्यात आमच्याकडे ऊन दुपारीच डोंगराआड जातं. त्यांच्या छपरावरच्या पाट्यांवर दोन दिवे जेमतेम लागत. तोवर नेड्रा गावातून ऑक्सिजनची नळकांडी आणायची. ओढ्याला पाणी चढलं की पुरवठादाराची गाडी अलीकडे येत नसे, मग ही गुडघाभर गार पाण्यातून ती खांद्यावर घेऊन यायची.

तिने सभेत मागणी ठेवली, ती साधी होती. एक छोटा जनरेटर. त्याच्यासाठी ओढ्याकाठी जाड दगडी खोली ती स्वतः बांधील, आवाज कुणाला यायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग लिंडन ॲशकोम बोलला.

हा लिंडन आमच्यात उशिरा आलेला. गोड बोलणारा, हळू आवाजाचा. उन्हाळ्यात तो 'तारेशिवाय जगणं' नावाचं शिबिर घ्यायचा. शहरातली माणसं येऊन तंबूत राहायची, आमचे बटाटे खणायची आणि शिकलो म्हणून खूश होऊन जायची.

"नेड्रा, ऑरिनचं दुःख मला आतून जाणवतंय," लिंडन म्हणाला. "पण एकदा इंजिन आलं की आपण कोण राहतो? यावर थोडं शांत बसू या का?"

"तू बस शांत," नेड्रा म्हणाली. "तुला श्वास घेता येतोय."

"हा राग आपल्याला कुठे नेणार आहे, ते बघ."

"मला कुठे जायचंच नाहीये, लिंडन. मला जनरेटर पाहिजे. आणि तुझी मोटार काय गवतावर चालते? तिला इंजिन नाही?"

काही जण हसले. लिंडन हसला नाही. पुढच्या सभेपर्यंत विचार करू, असं ठरलं. पुढच्या सभेत डोळे मिटून गोल बसण्यात सगळी सकाळ गेली. त्याच्या पुढच्या सभेत ऑरिन स्वतः आला, दोन ठिकाणी थांबत, नळकांडं ओढत. त्याच्या तोंडावर लिंडन म्हणाला, "माझा नकार आहे. ऑरिनवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे इतकं जड जातंय."

"तुझं प्रेम ठेव तुझ्यापाशी!" नेड्रा उठून उभी राहिली. "त्याला हवा पाहिजे, हवा!"

मी बोलले, माझी शेजारीण ट्वायला बोलली, थोरला हॅस्केल तर लिंडनच्या अंगावर धावून गेला. उपयोग शून्य. नकार एकाचा असला तरी नकारच.

त्याच दुपारी नेड्रा ओढ्यापलीकडच्या ड्वाइट नावाच्या शेतकऱ्याकडे गेली आणि त्याचा जुना जनरेटर ट्रकमध्ये घालून घेऊन आली. घरामागे उतरवला, तेल भरलं, तो सुरू करायची दोरी हातात धरली. मी तिथेच होते. खिडकीतून ऑरिनने हाक मारली.

"नेड, चालू करू नकोस."

"का?"

"नियम करताना मीही हात वर केला होता." तो मधेमधे थांबत बोलत होता. "चोरून श्वास घ्यायचा नाही मला."

"अरे, चोरून कसला? हे घर तू बांधलंस, मी बांधलं!"

"नेड. नको."

तिने हातातली दोरी फेकून दिली. मला वाटलं आता रडेल. पण तिने जवळच्या सरपणाच्या ढिगाला अशी लाथ घातली की ओंडके उतारावरून गडगडत गेले. "तुम्ही सगळे संत आहात," ती ओरडली. "तू तर सगळ्यात मोठा! आणि मी तुझं मढं उचलू होय रे?" आत जाऊन तिने सामान बांधायला घेतलं.

गावात टायरच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खिडकीतून दिसायचं मोटारी धुण्याचं आवार. ज्या माणसाने आयुष्यभर झाडांखाली सकाळचा चहा घेतला, तो आता साबणाचं पाणी गटारात वाहताना बघत बसायचा. पण यंत्र चालू होतं आणि ऑरिनच्या ओठांचा निळेपणा गेला होता. नेड्रा गावात लोकांची धुरांडी साफ करायची. खोऱ्यातून तिला काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांच्या कष्टांचं घर, आणि बाहेर पडताना ट्रकमध्ये बसलं तेवढंच तिचं.

त्यानंतरच्या सभेत लिंडनने सुचवलं, की नेड्रा-ऑरिनचं घर रिकामंच आहे, तर उन्हाळ्यात शिबिराची माणसं तिथे ठेवू या. भट्टीही छान आहे.

दारातून आवाज आला, "माझा नकार."

नेड्रा चिखलाच्या बुटांनिशी आत आली आणि ऑरिनच्या नेहमीच्या जागेवर बसली. लिंडन गडबडला. "नेड्रा, तू तर इथे राहत नाहीस."

"सभासद आहे ना? काढलंय मला? काढायचं तर सगळ्यांची संमती लागेल, त्यात माझीही. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय शिबिराच्या तारखांचा. "माझा नकार." मग नव्या शेळ्या. "नकार." कोठाराचं छप्पर. "नकार." एका नव्या जोडप्याला सभासद करून घेणं. "नकार. आधी त्यांना सांगा, इथे आजारी पडायचं नाही म्हणून."

त्या हिवाळ्यात एकही सभा तिने चुकवली नाही. ओढ्याला पूर असला तर डोंगरावरून वळसा घालून यायची. बसायची, प्रत्येक गोष्टीला नकार द्यायची, उठून जायची. छपरं गळायला लागली. शेळ्या आल्या नाहीत. लोक तिच्यावरही चिडले. हॅस्केल, जो तिच्यासाठी भांडला होता, तोच म्हणाला, "बाई, आमच्यावर कसला सूड उगवतेस? आम्ही तुझ्या बाजूचे होतो ना?"

"बाजूचे होतात तर बाजूला का बसलात?" ती म्हणाली. "उठून म्हणायचं होतं, की हा नियम खड्ड्यात गेला."

नियम आम्हाला माणसापेक्षा जवळचा झाला होता, ही गोष्ट तिने तोंडावर फेकेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं.

शेवटी शिबिर बुडायची वेळ आली तेव्हा लिंडन गावात गेला. मी त्या दिवशी मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण घेऊन नेड्रा-ऑरिनकडे गेले होते. दार उघडून नेड्रा म्हणाली, "आलास? ये. बस तिथे." ऑरिन नाकात नळी लावून खिडकीशी बसला होता. त्याने लिंडनसाठी कॉफी करायला सांगितली. नेड्राने केली नाही, मी केली.

लिंडन म्हणाला, "नेड्रा, आपण समजून घेऊन काही—"

"गप्प. ऐक."

"काय ऐकू?"

"ऐक म्हणते ना."

खोलीत यंत्र चालू होतं. मांजर घुरघुरावं तेवढा आवाज. खालून टायरवाल्याची ठोकाठोक ऐकू येत होती.

"हे एवढं चालवण्यापुरता मी जनरेटर मागत होते," नेड्रा म्हणाली. "यासाठी तू त्याला झाडाखालून उठवून या पेटीत आणून घातलंस. आता कॉफी पी आणि जा."

लिंडनने कॉफीला हात लावला नाही. जाताना ऑरिनसमोर क्षणभर उभा राहिला. ऑरिन म्हणाला, "ओढ्याला पाणी किती आहे रे?" लिंडनला सांगता आलं नाही. तो मान खाली घालून जिना उतरला.

पुढच्या सभेत तो नकार मागे घ्यायला उभा राहिला आणि आपल्या मनाचा प्रवास सांगू लागला. नेड्राने त्याला अर्ध्यावर तोडलं. "भाषण नको. हात वर कर." त्याने केला. सगळ्यांनी केले. नियमही बदलला: आजारपणाच्या बाबतीत एकट्याचा नकार चालणार नाही.

बर्फ वितळल्या वितळल्या नेड्राने ओढ्याकाठी दगडी खोलीचा पाया घेतला. दिवसभर खोऱ्यात दगड रचायची, संध्याकाळी गावात परतायची. भिंती झाल्या, छपराच्या तुळया चढत होत्या, तेव्हा एका दुपारी टायरवाला स्वतः गाडी घेऊन आला. त्याला काही बोलावं लागलं नाही. ऑरिन खिडकीशी बसल्या बसल्याच गेला होता. एकटा.

आम्ही त्याला खोऱ्यात आणलं, टेकडीवर पुरलं. नेड्राने थडगं स्वतः खणलं. फावड्याला कुणाला हात लावू दिला नाही. लिंडन दूर उभा होता. ती म्हणाली, "जवळ ये. बघ. नीट बघ." तो आला नाही.

ती आपल्या घरात परत राहायला आली. खोली तिने पुरी केली, जनरेटर आत बसवला. काही दिवसांनी लिंडनच्या शिबिरातल्या पोरांनी कुणाला न विचारता दारावर कोरीव फळी लावली: 'ऑरिनचा प्रकाश'. नेड्राने पहारीने ती उचकटली आणि लिंडनच्या अंगणात नेऊन टाकली. "प्रकाश नव्हता मागितला त्याने," एवढंच बोलली.

त्या जनरेटरवर आता आमचं शीतकपाट चालतं, शनिवारी सिनेमाही लावतात. नेड्रा सिनेमाला येत नाही. गेल्या हिवाळ्यात ट्वायलाचा दमा बळावला, तेव्हा जनरेटरची तार तिच्या घरापर्यंत ओढायला मात्र सगळ्यात आधी तीच आली, तोंडाने अखंड शिव्या देत. मी मदतीला होते. म्हटलं, "नेड्रा, जरा दम खा. इतकं संतापून तुझंच रक्त आटेल."

"आटू दे," ती म्हणाली. "तू तार वर धर. चिखलात लोळतेय ती."